भूगोलाच्या सरांनी फोन सोडला

भूगोलाच्या सरांना पहिला धक्का बसला तो भर वर्गात. 'दिशा आणि उपदिशा' हा धडा ते इतकी वर्षं शिकवत आले होते, की झोपेत उठवून विचारलं असतं तरी त्यांनी वायव्य आणि नैऋत्य यांतला फरक सांगितला असता. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीनं झोपेतलं काही विचारलंच नाही. ती उभी राहिली आणि अगदी सरळ मनानं म्हणाली, "सर, आपल्या शाळेचं फाटक कोणत्या दिशेला आहे?"

सरांचा हात आपोआप खिशात गेला. त्यांनी फोन काढला, होकायंत्र उघडलं. फोन म्हणाला, अचूक दिशा हवी असेल तर मला हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. सरांनी फिरवला. फोन म्हणाला, पुन्हा. सरांनी पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा फिरवताना त्यांची नजर वर्गावर गेली. मुलं हसली असती तर ते खवळले असते, चार जणांना बाहेर काढलं असतं, आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण कुणी हसत नव्हतं. सगळा वर्ग त्यांच्याकडे काळजीनं बघत होता, जसं घरातल्या आजारी माणसाकडे बघतात तसं.

सर गार पडले. शाळेत येऊन त्यांना दोन तपं झाली होती. ते रोज त्या फाटकातून आत येत होते आणि त्याच फाटकातून बाहेर जात होते. ते फाटक कोणत्या दिशेला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत त्यांनी जाहीर केलं, "येत्या सोमवारपासून मी हा फोन वापरणार नाही."

खोलीत शांतता पसरली, पण ती आदराची नव्हती. सगळे आपापल्या फोनमध्ये बघत होते, एवढंच.

आता, साधा माणूस फोन सोडतो म्हणजे फोन कपाटात टाकतो आणि चार दिवसांनी मुकाट्यानं बाहेर काढतो. सरांचा पिंड वेगळा. त्यांनी एकेका कामाला एकेक वस्तू नेमली. बोलायला बटणांचा फोन. उठायला किल्लीचं गजराचं घड्याळ. वेळ बघायला मनगटी घड्याळ, कारण गजराचं घड्याळ घेऊन फिरता येत नाही. फोटोंना कॅमेरा, हिशेबाला कॅल्क्युलेटर, अंधाराला टॉर्च, बातम्यांना हातात मावणारा रेडिओ, दिशेला खरंखुरं होकायंत्र आणि रस्त्यांना कागदी नकाशा. नकाशा त्यांनी शाळेच्याच माळ्यावरून काढला. घडी उलगडली की जेवणाचं टेबल पूर्ण झाकलं जायचं.

पहिल्या दिवशी शाळेला निघताना ते खोलीबाहेर आले, तेव्हा त्यांच्या प्रत्येक खिशाला पोट सुटलं होतं. बायकोनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ती कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायची, आणि नवीन नमुना दिसला की हात न लावता आधी बघून घ्यायचं, ही तिची सवय होती.

"अहो, कुठं मोहिमेवर निघालात का?" तिनं विचारलं.

"शाळेत."

"बरं. चालताना मग जरा कमी वाजा."

खरंच, चालताना सर वाजत होते.

दुसरा धक्का दुसऱ्या दिवशी पहाटेच बसला, आणि तो एकट्या सरांना बसला नाही. किल्लीचं घड्याळ नुसतं वाजलं नाही, ते टेबलावर नाचलं, खाली पडलं आणि पलंगाखाली जाऊन वाजत राहिलं. कन्या, म्हणजे कॉलेजात जाणारी सरांची मुलगी, "आग लागली का?" असं ओरडत बाहेर आली. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर चपला न घालताच वर आले.

परिस्थिती कळल्यावर ते सोफ्यावर बसले. डॉक्टरांना सल्ला द्यायला तोंड उघडलेलंच माणूस लागायचं असं नाही, कुणीही चालायचं.

"सर, चुकताय तुम्ही," ते म्हणाले. "असं एकदम नाही उपटायचं. आधी हलवून सैल करायचं. मुळापासून एकदम ओढलं की रक्त थांबत नाही."

"मी फोनबद्दल बोलतोय, डॉक्टर."

"मीही फोनबद्दलच बोलतोय. बधीर व्हायला काहीतरी घ्या सोबत."

सरांनी बधीर व्हायला नकार दिला. पण त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांचे पाय धरावे लागले, कारण इमारतीचं फाटक त्यांना आत घेईना; आदल्या दिवशी ते कुणाच्या तरी मागोमाग आत शिरले होते. फाटक फोनवरूनच उघडायचं. रहिवाशानं आपल्या फोनवर बोट ठेवायचं, की वर हिरवा दिवा लागायचा. बटणांच्या फोनवर सरांनी सगळी बोटं ठेवून पाहिली.

"मी इथं राहतो," सर रखवालदाराला म्हणाले.

"मला माहिती आहे ना सर. रोज बघतो की तुम्हाला," रखवालदार म्हणाला. "पण फाटकाला काय माहिती?"

सरांनी फाटक हातानं ढकलून पाहिलं. शेवटी डॉक्टरांनी आपल्या फोनवरून त्यांना पाहुणा म्हणून आत घेतलं. फोन म्हणाला, पाहुण्याचा प्रकार निवडा: नातेवाईक, सामान पोचवणारा, दुरुस्तीवाला, पेशंट. डॉक्टर सवयीनं 'पेशंट' निवडून मोकळे झाले. त्या दिवसापासून भूगोलाचे सर रोज आपल्या घरी दातांचे पेशंट म्हणून येऊ लागले. बायकोच्या फोनवरून आत येता आलं असतं, पण ती त्या दिवसांत ग्रंथालयात नाहीतर प्रयोगशाळेत असायची. आणि कन्येला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तत्त्वासाठी हे करताय ना? मग तत्त्वालाच सांगा फाटक उघडायला."

शाळेत तर त्याहून वाईट. हजेरी फोनमध्ये चेहरा दाखवून लावायची असायची, आणि सरांना तोंड दाखवायला जागाच राहिली नव्हती. आठवडा संपायच्या आत कार्यालयातून बोलावणं आलं.

"सर, तुम्ही सोमवारपासून गैरहजर आहात," कारकूनबाई म्हणाल्या.

"अहो, मी सोमवारपासून रोज तुमच्यासमोरून वर्गात जातोय. काल तुम्ही मला खडू दिलेत."

"दिले ना. ते आठवतंय मला." बाईंनी खरोखर हळहळून पडद्याकडे पाहिलं. "पण गैरहजर माणसाला मी खडू कसे दिले, हे आता मला वर कळवावं लागेल."

सर परत जाऊन खुर्चीत बसले आणि आपण बसलो आहोत याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली.

पण या सगळ्यावर कडी केली बटणांच्या फोननं. त्या फोनवर मराठीत चार शब्द लिहायचे म्हणजे एक घटक चाचणी तपासून व्हायची. म्हणून फोन बनवणाऱ्यांनी त्यात काही तयार निरोप घालून ठेवले होते. बटण दाबायचं, निवडायचं, पाठवायचं. सरांना ही सोय फार आवडली. त्या संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला: 'उद्या सराव परीक्षेचा पहिला पेपर. वेळेवर या.' मुख्याध्यापिकाबाई म्हणजे अशा, की त्या व्हरांड्यातून चालल्या की घंटा वाजवणाराही आपलं घड्याळ तपासायचा. सरांनी 'नक्की येतो' हा निरोप शोधला आणि बटण दाबलं. बटण दोनदा दाबलं गेलं. फोननं निरोप पाठवला: 'मलाही तुझी खूप आठवण येते. लवकर भेटू.'

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी घाईघाईनं 'माफ करा' शोधलं. पुन्हा एक बटण जास्त दाबलं गेलं. गेला तो निरोप असा: 'आज जमणार नाही. घरी सगळे आहेत.'

सरांनी फोन गादीखाली ढकलला. गादीखाली दबून फोननं आपणहून आणखी एक निरोप पाठवला. तो कोणता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना बोलावलं, तेव्हा खोलीचं दार सताड उघडं होतं, आणि साक्षीदार म्हणून पर्यवेक्षक खुर्ची टाकून बसले होते. बाईंनी चष्मा चढवला आणि आपल्या फोनवरून शांतपणे वाचलं.

"'रागावलीस का?'"

पर्यवेक्षकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"बाई, तो मी नव्हे," सर म्हणाले. "म्हणजे मीच, पण ते बटण..."

"सर, तुमची सेवा स्वच्छ आहे. भूगोलासारखा विषय आहे," बाई म्हणाल्या. "घरी सगळे आहेत, हे वाचून मला बरं वाटलं. त्यांच्यात राहा."

सर बाहेर आले. कधी नव्हे ते होकायंत्र बाहेर काढून त्यांनी घराची दिशा बघितली. घरी पोचले तर फाटकाशी दातांचे डॉक्टर लालबुंद होऊन उभे.

"सर! सोसायटीनं मला नोटीस दिलीय. म्हणे, राहत्या घरात दवाखाना चालवता. रोज पेशंट येतो, दिवसातून दोनदा येतो, आणि सकाळी जातो!"

"सकाळी जातो?"

"तुम्हीच हो तुम्ही! सेक्रेटरी विचारतात, असा कसला दात आहे की पेशंटला मुक्कामाला ठेवता?"

इतकी वर्षं खाली-वर राहून कधी भांडण न झालेली ही दोन माणसं त्या दिवशी जिन्यात जी भांडली, ती सगळ्या मजल्यांनी दारं किलकिली करून ऐकली. डॉक्टरांनी, तुमच्या डोक्याचा एक्स-रे काढायला हवा, असं सुचवलं. सरांनी डॉक्टरांच्या हाताची तुलना प्लंबरच्या हाताशी केली. अबोला झाला. सर त्या दिवशी घरात शिरले ते दुरुस्तीवाला म्हणून, रखवालदाराच्या मेहेरबानीनं.

या सगळ्या गदारोळात घरात एक मोठी गोष्ट चालली होती, आणि ती सरांच्या कानावर यायची राहिली नव्हती, फक्त कानाच्या आत गेली नव्हती. सहा वर्षं नोकरी, घर, आईची आजारपणं सांभाळून बायकोनं पीएच.डी.चं काम केलं होतं. शुक्रवारी दुपारी तिची शेवटची तोंडी परीक्षा होती. सगळ्यांसमोर, परीक्षकांसमोर. आपलं पन्नाशीतलं डोकं त्या दिवशी ऐनवेळी रिकामं होईल, अशी तिला धास्ती होती, आणि ती धास्ती ती कुणाला दाखवत नव्हती.

सकाळी निघताना ती म्हणाली, "मी नि लेक पुढं जातो. तुम्ही शाळेतून परस्पर या. पत्ता पाठवलाय तुम्हाला. आणि अहो... याच बरं का. तुम्ही समोर असलात की मला बरं पडतं."

"येणार म्हणजे येणार," सर म्हणाले.

शाळा सुटल्यावर ते नकाशा आणि होकायंत्र यांच्या भरवशावर पायी निघाले. विद्यापीठ कुठं आहे हे नकाशात स्पष्ट छापलं होतं. मान ताठ ठेवून, दिशा धरून, दोनदाच चुकून ते बरोबर त्या जागी पोचले. ते स्वतःवरच खूश झाले. मग त्यांनी वर पाहिलं. त्या जागी फर्निचरचं चार मजली दुकान होतं.

"विद्यापीठ?" आतल्या विक्रेतीनं विचारलं. "ते इथून जाऊन खूप वर्षं झाली. आता तीन ठिकाणी आहे. तुम्हाला कुठलं हवंय? लोकेशन आलं असेल ना?"

पत्ता आला होता. घरी, बंद करून ठेवलेल्या त्या जुन्या फोनवर आला होता.

सरांनी बटणांचा फोन काढला, बायकोचा नंबर लावायला. जुन्या कार्डावरून नव्या फोनमध्ये फक्त पुरातन काळातले नंबर आले होते: 'गॅस', 'जुना घरमालक', 'टीव्ही दुरुस्ती' आणि एक 'उचलू नये'. बायको त्यात नव्हती. मुलगी नव्हती. त्यांनी डोळे मिटून नंबर आठवायचा प्रयत्न केला. नद्यांची लांबी आठवली, शिखरांची उंची आठवली. ज्या बाईशी संसार केला तिचा नंबर त्यांना पहिल्या आकड्यापासून येत नव्हता.

दुकानातल्या एका विक्रीच्या खुर्चीत ते मटकन बसले. हा धक्का आधीच्या सगळ्या धक्क्यांपेक्षा वेगळा होता. यात लाज होती, पण नुसती लाज नव्हती. हॉलमध्ये ती दाराकडे बघत असेल, हे त्यांना दिसत होतं.

आणि मग, कुठून कोण जाणे, त्यांच्या बोटांनीच एक नंबर दाबायला सुरुवात केली. लग्नाच्या आधी, तिच्याशी बोलायला म्हणून, कोपऱ्यावरच्या दुकानातून ते जो नंबर लावायचे तो. सासूबाईंनी अजून ती जुनी तारेची लाइन ठेवली होती. घंटी वाजत राहिली. खूप वेळानं कुणीतरी उचललं.

"कोण?"

"मी बोलतोय."

"मी कोण?"

तीस वर्षांपूर्वीचाच आवाज, तीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न. सरांना खरोखर घाम फुटला. "तुमचा जावई."

"माझा जावई मला कधी फोन करत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही ते फसवणारे लोक ना? माझ्याकडे कार्ड नाही, पासवर्ड नाही. ठेवा फोन."

"ठेवू नका! आई, मीच आहे. काहीही विचारा हवं तर."

पलीकडं विचार झाला. सासूबाई सावध बाई होत्या. "बरं. माझ्या लेकीचा पीएच.डी.चा विषय काय?"

सरांनी तोंड उघडलं. तोंडातून काही आलं नाही. सहा वर्षं. रोज रात्रीचं जेवण. ती बोलायची, हे त्यांना आठवत होतं. तिचे हात कसे हलायचे तेही आठवत होतं. आपण मधूनमधून 'हं' म्हणायचो, फोनवरून बोट फिरवत, तेही आठवत होतं. ती काय बोलायची, ते मात्र...

"वनस्पती..." ते म्हणाले.

"कुठली?"

"दगड. दगडाशी काहीतरी. दगडावर..."

पलीकडून एक उसासा ऐकू आला. "तुम्ही जावईच," सासूबाई म्हणाल्या. "दुसरा कुणी असता तर नीट पाठ करून आला असता. ऐका आता. दगडफूल. शहराच्या हवेत दगडफूल कसं टिकतं, हा तिचा विषय. मला रोज फोनवर सांगते ती. जुन्या पाण्याच्या टाकीमागं त्यांची नवी इमारत आहे, दुसरा मजला. मी म्हटलं होतं तिला, ते रस्ता चुकतील. पळा."

सर पळाले. सगळे खिसे खुळखुळत, लोक वळून बघत, ते पळाले. वाटेत नकाशा उडाला, तो उचलायला ते थांबले नाहीत.

हॉलच्या मागच्या दारातून ते आत शिरले, तेव्हा पडद्यावर दगडाचं एक चित्र होतं, आणि त्या दगडावर राखाडी-हिरवट चकत्या होत्या. समोर बायको उभी होती. तिनं दाराकडे पाहिलं, सरांना पाहिलं, आणि तिचे खांदे जरासे खाली आले. मग ती परीक्षकांकडे वळली.

बाहेरगावाहून आलेल्या वयस्कर परीक्षकांनी विचारलं, "दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. शैवाल अन्न तयार करतं, बुरशी आसरा देते. तुमच्या मते या व्यवस्थेत जास्त फायदा कुणाचा?"

"माझ्या निरीक्षणात बुरशीचा," ती म्हणाली. मग क्षणभर थांबून, "बुरशीला मात्र वाटत असावं, की दोघांचा सारखाच."

हॉल हसला. परीक्षकही हसले. सर हसले नाहीत. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. ही बाई कोण? हा आवाज, हा ठामपणा, प्रश्न आला की क्षणभर खाली बघून मग सरळ नजर देऊन बोलणं, हे सगळं त्यांच्याच घरात, त्यांच्याच टेबलाशी, पाण्याच्या तांब्यापलीकडे इतकी वर्षं बसत होतं. सर तिला पहिल्यांदा ऐकत होते आणि त्यांना दरदरून घाम येत होता, तो नुसता पळाल्यामुळे नव्हता.

"श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?" अध्यक्षांनी औपचारिकपणे विचारलं. असं विचारायची पद्धत असते, आणि कुणी काही विचारू नये अशीही पद्धत असते.

मागून एक हात वर झाला. कन्येनं वळून पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"शहरातली हवा बिघडली," सर म्हणाले, त्यांना अजून धाप लागलेली होती, "की ही दगडफुलं जातात कुठं?"

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. परीक्षकांना तिनं दिलं नव्हतं इतकं लांब मौन तिनं या प्रश्नाला दिलं.

"बरीचशी मरतात," ती म्हणाली. "काही जाती टिकतात. उदाहरणार्थ, आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर आहेत. जिथं उभे राहून तुम्ही रोज फोनवर बोलायचात, तिथंच. तुमच्या डोक्याच्या उंचीवर."

सगळा हॉल वळून सरांकडे बघू लागला. सर खाली बसले. खाली खुर्ची नव्हती, हे त्यांना बसल्यावर कळलं.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. तिला पदवी मिळाली, टाळ्या झाल्या. सोमवारपासून सर निमूटपणे पुन्हा जुना फोन वापरू लागले, कारण शाळेला आणि फाटकाला त्यांच्या तत्त्वाची काही पडलेली नव्हती. ते रीतसर हजर झाले. मागच्या दिवसांची गैरहजेरी मात्र अजून वर कळवलेलीच आहे. डॉक्टरांची नोटीस रद्द झाली, आणि अबोला मोडला तोही दाढदुखीनं, खऱ्या दाढदुखीनं. मुख्याध्यापिकाबाई अजूनही सरांशी बोलताना दार उघडं ठेवतात.

पण ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी तिघं बसनं घरी चालली होती. कन्या पुढच्या बाकावर बसल्या बसल्या झोपली होती. बायकोचे डोळे थकव्यानं मिटत होते.

"ते शैवाल," सर म्हणाले, "बुरशीला सोडून एकटं राहू शकतं का?"

"राहू शकतं."

"आणि बुरशी?"

"नाही राहू शकत. अहो, सहा वर्षांचं सगळं एका बसमध्ये नका ना विचारू."

"बरं," सर म्हणाले. एक थांबा गेला. दुसरा गेला. तिसऱ्या थांब्याला त्यांना राहवलं नाही.

"मग ते शैवाल तिथं राहतं कशाला?"

तिनं डोळे उघडले नाहीत. पण डोक्याखाली घेतलेली पर्स तिनं मांडीवर ठेवली, हात मोकळे केले, आणि हातवारे करत सांगायला सुरुवात केली.